घाट उतरताना गाडी गिअरमध्येच हवी

हातातलं काम चालू राहू द्या. शेंगा फोडत असाल, भाजी निवडत असाल, तर निवडता निवडताच ऐका.

आम्ही मुंबईच्या उपनगरांतल्या नऊ जणी. दोघी अंधेरीच्या, दोघी बोरिवलीच्या, दोघी घाटकोपरच्या आणि तिघी मुलुंडच्या. बहुतेकींनी पन्नाशी ओलांडलेली. आमच्याकडे तीन जुन्या मोटारी आहेत. त्या घेऊन आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी पाच दिवसांच्या प्रवासाला गेलो. मुलुंडहून पनवेल, बोरघाट चढून पुण्याच्या बाहेरून साताऱ्याला पहिला मुक्काम. मग कोल्हापूर, अंबाबाईचं दर्शन. तिथून आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून सावंतवाडी. परतताना कोकणातून चिपळूणला मुक्काम आणि पाचव्या दिवशी घर. सगळे मिळून सुमारे हजार किलोमीटर.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या बायकांनी मोटारी फिरवल्या, त्याचं आम्हाला काय? तर तुमचे गटही बाहेर पडतात. तुळजापूरला, जेजुरीला, वणीला सप्तशृंगीला, पंढरपूरला. गटातल्या सगळ्या मिळून जीप ठरवता, पहाटे निघता, रात्री उशिरा परतता. वाटेत घाट असतो. ड्रायव्हर गाडी चालवतो आणि आपण मागे बसून देवाचं नाव घेतो. जुन्या गाडीनं आम्हाला जे शिकवलं, ते त्या मागे बसलेल्या बाईलाही कळायला हवं, म्हणून आज बोलायला आलो आहोत.

आधी गाड्यांची ओळख करून देतो. तिन्ही फियाटच्या घराण्यातल्या. एक साठच्या दशकातली, दोन तिच्या धाकट्या बहिणी, म्हणजे प्रीमियर पद्मिनी. या गाड्या आमच्या शेजारचं लेकरू म्हणायला हव्यात, कारण त्या घाटकोपरला लागून असलेल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनल्या. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. वालचंदनगर ज्यांच्या नावाचं, तेच हे. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि कुर्ल्यात फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. पन्नासच्या दशकातल्या गुबगुबीत गाडीला मुंबईकर लाडानं डुक्कर फियाट म्हणत. 1964 साली नव्या घाटाची फियाट आली आणि 1974 साली तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. त्या काळी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे.

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जी तुम्ही सिनेमात पाहिली असेल, ती हीच पद्मिनी. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. आता उरल्या आहेत त्या घरोघरी जपलेल्या. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी सरकारनं 2021 साली वेगळी विंटेज नोंदणी सुरू केली. पण ती घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीलाच नेता येते. म्हणून आमच्या गाड्या साध्या नोंदणीवरच आहेत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, ती आम्ही घेतो.

आता या गाडीचं अंतरंग ऐका. इंजिन 1089 सीसीचं. गिअरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगच्या बाजूला. एसी नाही. कॉम्प्युटर नाही, त्यामुळे काय बिघडलं ते सांगणारं कुणी नाही. आपलं नाक, कान आणि हाताचा तळवा, यांनीच ओळखायचं. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. त्या ब्रेकबद्दल पुढे सांगणारच आहोत.

निघण्याआधी आम्ही ठरवलं, की जिला गाडी चालवायची तिनं बॉनेट उघडून आत काय आहे ते शिकायचंच. एकीला गॅरेजमध्ये अनुभव असा आला, की प्रश्न ती विचारायची आणि मिस्त्री उत्तर तिच्या नवऱ्याला फोनवर द्यायचा. मग एक जुने जाणते मिस्त्रीकाका भेटले. ते म्हणाले, रविवारी सकाळी या, हात काळे करायची तयारी असेल तर शिकवतो. चार रविवार गेलो. इंजिन ऑइलची पट्टी काढून पुसून परत घालून कशी बघायची, रेडिएटरचं पाणी कुठवर हवं, फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबून किती सैल आहे ते कसं ओळखायचं, ब्रेक ऑइलची डबी कुठली, प्लग काढून कसा साफ करायचा, जॅक कुठे लावायचा, हे सगळं हातानं केलं. चाकाचे नट सोडवायला जोर लागतो. पान्ह्यावर पाय ठेवून अंगाचा भार टाकला की सुटतात. बायकांना जमणार नाही असं त्यात काही नाही.

प्रवासाचे चार नियम केले. पहिला, सर्वांत हळू चालणारी गाडी पुढे आणि बाकीच्या मागे, म्हणजे कुणी मागे सुटायला नको. दुसरा, एक थांबली की तिन्ही थांबणार. तिसरा, दर दोन तासांनी चालवणारी बदलायची, आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. चौथा नियम सगळ्यात उपयोगी पडला. चालवणारीच्या शेजारी बसणारीनं झोपायचं नाही. तिची नजर इंजिनाच्या गरमीच्या काट्यावर आणि नाक वासावर. तिनं थांब म्हटलं, की चालवणारीनं वाद न घालता जागा बघून थांबायचं.

पहिल्याच दिवशी या नियमाची परीक्षा झाली. खोपोली सोडून बोरघाटाला लागलो. 1830 साली हा घाट गाडीरस्ता म्हणून खुला झाला. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगरानं दाखवली असं सांगतात, त्याचं हे ठाणं. येणारेजाणारे ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. आम्हीही टाकलं. ऊन चढलं होतं. पुढच्या वळणावर मधली पद्मिनी दोन-तीन आचके देऊन बंद पडली. शेजारणीनं काटा पाहिला, इंजिन तापलेलं. मिस्त्रीकाकांनी सांगून ठेवलं होतं. इंजिन फार तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही, त्याला पातळ पेट्रोलच लागतं. मग पेट्रोल पोचत नाही आणि गाडी बंद पडते.

आम्ही काय केलं? गाडी कडेला घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, मागे पन्नास पावलांवर लाल त्रिकोण ठेवला. सगळ्या जणी रस्त्याच्या आतल्या बाजूला उतरून उभ्या राहिल्या. बॉनेट उघडलं, सुती फडकं पाण्यात भिजवून पेट्रोल पंपावर गुंडाळलं आणि वीस मिनिटं डबे उघडून धपाटे खाल्ले. गाडी सुरू झाली. रेडिएटरच्या टोपणाला मात्र कुणी हात लावला नाही. कुकरची शिट्टी पडायच्या आत झाकण उघडलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तापलेल्या रेडिएटरचं तसंच आहे. आतलं उकळतं पाणी तोंडावर उडतं. अर्धा तास तरी थांबायचं, मग जाड फडकं धरून हळू हळू उघडायचं.

चढताना गाडी थांबते, पण जिवाला फारसा धोका नसतो. धोका असतो तो उतरताना. तिसऱ्या दिवशी आंबोलीला पोचलो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच, आणि तिथून दाणोलीपर्यंत नागमोडी उतार. आम्ही घाटाच्या माथ्यावर थांबलो. चहा घेतला, तिन्ही गाड्यांचे ब्रेक दाबून पाहिले, आणि दुसरा गिअर टाकून उतरायला लागलो. वेग वीस-पंचवीसचा. मागून हॉर्न वाजत होते. जागा मिळेल तिथे कडेला होऊन आम्ही त्यांना पुढे जाऊ दिलं.

आता हा दुसरा गिअर कशासाठी, ते नीट ऐका. आजच्या बोलण्यातलं मुख्य तेच आहे.

गाडी गिअरमध्ये असते तेव्हा चाकं इंजिनाला जोडलेली असतात. उतारावर पाय पेट्रोलवरून काढला, की चाकांना इंजिन फिरवावं लागतं आणि इंजिन त्यांना मागे ओढून धरतं. भरलेली बैलगाडी उतारावर असताना बैल मागे रेटून धरतात, तसं. गिअर जेवढा खालचा, म्हणजे पहिला-दुसरा, तेवढी ही ओढ जास्त. मग ब्रेकवर थोडाच भार येतो.

पण काही ड्रायव्हर उतार लागला की गाडी न्यूट्रल करतात. डिझेल वाचतं म्हणतात. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटला, बैल सोडून दिले. आता गाडीला धरून ठेवायला एकटा ब्रेक. वळणावळणाला ब्रेक दाबायचा, म्हणजे लायनर घासणार, तापणार. सहाणेवर चंदन उगाळताना सहाण गरम लागते ना, तिथे तर माणसांनी भरलेली गाडी असते. ब्रेक एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड जाते. ड्रायव्हर पाय दाबतो, पण गाडी थांबत नाही. ब्रेक फेल झाला असं आपण ऐकतो, त्यातल्या कित्येक वेळा ब्रेक तुटलेला नसतो, तापलेला असतो. आणि इंजिनच बंद केलं असेल तर आणखी वाईट. आताच्या गाड्यांमध्ये ब्रेकला आणि स्टिअरिंगला इंजिनाची मदत असते. इंजिन बंद पडलं की दोन्ही जड होतात. राहता राहिलं डिझेल. आताच्या बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये उतरताना, पाय वर असेल तर, इंजिनाला जाणारं इंधन आपोआप बंद होतं. म्हणजे न्यूट्रलनं वाचत काहीच नाही.

आंबोलीत अर्ध्यावर आमच्या पुढच्या गाडीतली शेजारीण म्हणाली, थांब, जळका वास येतोय. ब्रेकचा वास जळक्या रबरासारखा उग्र येतो. एका वळणावर मोकळी जागा बघून थांबलो. चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती. पाणी ओतलं नाही, कारण तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. अर्धा तास बसलो, दरीतलं जंगल पाहिलं, आणि ब्रेक थंड झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उरलेला घाट उतरलो. दाणोलीला पोचलो तेव्हा नऊही जणी एकमेकींकडे बघून हसलो. इतका वेळ कुणी बोललंच नव्हतं.

ब्रेकचा हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे, आणि तो पहिल्यांदा रस्त्यावर सोडवणारीही बाईच होती. जर्मनीतल्या कार्ल बेंझ यांनी 1886 साली मोटारीचं पेटंट घेतलं. पण लोकांना त्या यंत्राचा भरवसा नव्हता. 1888 च्या ऑगस्टमध्ये त्यांची बायको बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती तीनचाकी मोटार काढून निघाली. कुठे? माहेरी. मानहाइमहून फोर्झहाइमला, एकशे सहा किलोमीटरच्या आसपास. इतक्या लांब मोटारीनं तोवर कुणी गेलं नव्हतं. वाटेत इंधन संपलं, तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिनं लिग्रॉइन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिननं मोकळी केली. चढावर गाडी चढेना, तेव्हा मुलांनी ढकलली. आणि उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिनं चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनरची सुरुवात तिथली मानतात. परतल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर हवा, आणि तो त्यांनी बसवला.

तर मैत्रिणींनो, आता तुमच्या जीपकडे येऊ. गटाची सहल ठरेल तेव्हा पैसे कोण गोळा करणार ते जसं ठरवता, तसं गाडी कोण बघणार तेही ठरवा. एकीला गाडीप्रमुख करा. तिला गाडी चालवता आली पाहिजे असं नाही. तिनं एवढं करायचं.

गाडी ठरवताना नंबरप्लेट बघायची. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतील तर ती भाड्यानं चालवायची गाडी. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्यानं नेणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मालाच्या टेम्पोतून माणसांनी जाणं तर मुळीच नाही. विमा आणि फिटनेस यांची मुदत बघायला मागायची. कागद मागितले म्हणून रागावणारा मालक असेल तर दुसरी गाडी बघा.

निघायच्या सकाळी गाडीभोवती एक फेरी मारायची. चारही टायरची नक्षी दिसते का, कुठे चीर पडली आहे का, स्टेपनीत हवा आहे का, गाडीखाली तेलाचा डाग पडलाय का. जेवढ्या जणींची गाडी, तेवढ्याच जणी बसायच्या. नऊ जणींच्या गाडीत पंधरा बसल्या, तर तोच ब्रेक दीडपटीहून जास्त माणसं थोपवायला निघालेला असतो. त्यापेक्षा दोन गाड्या करा, किंवा दोन फेऱ्यांत जा.

ड्रायव्हर रात्री झोपला होता का, हे विचारायचं. त्यात लाजायचं काही नाही. दादा, रात्री भाडं होतं का, झोप झाली का, एवढंच. झोप झाली नसेल तर दोन तास उशिरा निघा, देव कुठे जात नाही. आपल्याबरोबर त्याच्याही जेवणाची आणि चहाची वेळ पाळा. आपण दर्शनाला रांगेत असू तेव्हा त्याला झोपू द्या, पुन्हा पुन्हा फोन करू नका.

घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवायला सांगायची आणि म्हणायचं, दादा, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करू नका, आम्हाला घाई नाही. आम्हाला घाई नाही हे शब्द महत्त्वाचे. पुष्कळदा ड्रायव्हर आपल्यासाठीच घाई करत असतो. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. जळका वास आला, किंवा समोर लाल दिवा लागला, तर गाडीप्रमुखानं थांबा म्हणायचं, आणि मागच्या सगळ्यांनी तिच्या बाजूनं बोलायचं. एकटी बाई बोलली की तिला घाबरट म्हणतात. आठ जणी एकदम बोलल्या की गाडी थांबते.

वाटेत कुणाचा अपघात दिसला तर 112 किंवा 108 ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही, आणि मदत केली म्हणून कुणी तुम्हाला गुंतवू शकत नाही.

आणि ज्या पोरींना, सुनांना गाडी शिकावीशी वाटते, त्यांना अडवू नका. अठरा वर्षं पूर्ण झाली की चारचाकीचा शिकाऊ परवाना काढता येतो. तो सहा महिने चालतो, आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. आमच्यातल्या दोघी पंचेचाळिशीनंतर शिकल्या. त्यातल्या एकीनंच आंबोलीचा घाट उतरवला. गटात एकीला जरी गाडी येत असली, तरी ड्रायव्हर कशी चालवतोय ते सगळ्यांना कळतं.

चैत्र जवळ येतोय. यात्रा सुरू होतील, तुमच्या गाड्या ठरतील. त्याआधीच्या बैठकीत हप्ते आणि हिशेब झाले, की पाच मिनिटं या विषयाला द्या आणि गाडीप्रमुखाचं नाव वहीत लिहून ठेवा. दर वर्षी ती बदला, म्हणजे चार-पाच वर्षांत बऱ्याच जणी तयार होतील. सुखरूप जा, सुखरूप या.